निकाल हाती, छप्पर नाही: खिर्बेत झनूताचे प्रकरण

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ च्या अखेरीस, इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागातल्या खिर्बेत झनूता या मेंढपाळ गावाच्या बाजूने निकाल दिला. हाकलून लावलेल्या माणसांना घरी परतू द्या आणि पोलिसांनी व सैन्याने त्यांचे रक्षण करावे, असा त्याचा आशय होता. असा निकाल तिथे क्वचितच मिळतो. ऑगस्टमध्ये लोक परतले. सप्टेंबर अर्धा सरला तेव्हा गाव पुन्हा रिकामे झाले होते.

त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत काय घडले आणि त्याची बीजे आधीच्या दहा महिन्यांत कुठे पडली होती, ते या टिपणात मांडले आहे. विस्थापितांच्या पाठीशी उभे राहणारे कार्यकर्ते आपल्याकडेही आहेत. त्यांना या गावाच्या गोष्टीतल्या काही जागा नक्की थांबवतील. व्यक्तींची नावे मुद्दाम गाळली आहेत. गावाचे नाव मात्र ठेवले आहे. ते नकाशावरून पुसायचा खटाटोप चालू असताना आपणही ते गाळावे, हे मला पटले नाही.

पार्श्वभूमी

खिर्बेत झनूता हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर आहे, ६० क्रमांकाच्या महामार्गाजवळ. हाच महामार्ग खाली बीरशेबाला जातो. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्राएल कुटुंबांमुळे बीरशेबा आणि डिमोना ही नावे आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहेत. त्या गजबजलेल्या शहरापासून गाडीने तासाभराच्या आत हे सगळे घडले.

'खिर्बे' म्हणजे पडीक वस्ती, जुने अवशेष. गावात सुमारे अडीचशे माणसे. शेळ्यामेंढ्या आणि थोडी कोरडवाहू शेती, यावर पोट. आधीच्या पिढ्या गुहांत राहायच्या. गुहा खचायला लागल्या तशी माणसांनी दगडी भिंती रचून वर पत्रे टाकले. पुढे युरोपीय देशांच्या मदतीतून शाळा आली, दवाखाना आला.

यातले जवळजवळ सगळे कागदोपत्री बेकायदा होते. १९९० च्या दशकातल्या इस्रायल-पॅलेस्टिनी ओस्लो करारांनी वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग 'क' क्षेत्र म्हणून इस्रायलच्या पूर्ण ताब्यात ठेवला. तिथे बांधकामाची परवानगी देते ते सैन्याच्या अखत्यारीतले 'नागरी प्रशासन', आणि पॅलेस्टिनींना ती जवळपास मिळतच नाही. झनूताला मंजूर आराखडा नव्हता, आपल्या भाषेत गावठाणच नव्हते. २००७ मध्ये पाडापाडीचे हुकूम निघाले तेव्हा इस्रायलमधल्याच एका नागरी हक्क संघटनेने गावाच्या वतीने न्यायालय गाठले. सरकारचे म्हणणे असे की, ही वस्ती पुरातत्त्वीय स्थळावर आहे, तिथे आराखडा होणार नाही. खटला वर्षानुवर्षे रेंगाळला. पाडापाडी टळत राहिली, पण गाव कायदेशीर झाले नाही. याच टेकड्यांतले सुसिया गाव १९८६ मध्ये पुरातत्त्वाच्याच नावाखाली उठवले गेले होते, त्यामुळे हा युक्तिवाद कुठे पोहोचतो हे झनूताच्या लोकांना चांगले ठाऊक होते. हा २००७ चा धागा लक्षात ठेवावा. पुढे फास बसला तो त्याचाच.

२०२१ च्या सुमारास जवळच एक आउटपोस्ट उभा राहिला. वसाहत म्हणजे वेस्ट बँकमध्ये इस्रायली लोकांनी वसवलेली वस्ती, आणि आउटपोस्ट म्हणजे इस्रायली कायद्यानेही परवानगी नसलेली छोटी वसाहत. त्यात मेंढ्या पाळणारा आउटपोस्ट हा वेगळा प्रकार आहे आणि तो समजून घ्यायला हवा. एखादे कुटुंब, हाताशी काही तरुण, एक कळप, गाडी आणि ड्रोन, एवढ्या भांडवलावर शेकडो एकर कुरण बंद करता येते. पॅलेस्टिनी मेंढपाळ कळप घेऊन निघाला की दुसरा कळप त्याच्यावर घालायचा, ड्रोन खाली आणून मेंढ्या बुजवायच्या, भांडण काढायचे. चरायला वाव राहिला नाही की चारा विकत घ्यावा लागतो. चाऱ्यासाठी मेंढ्या विकाव्या लागतात. कळप आटला की गावात राहायला कारणच उरत नाही. एकाही घराला हात न लावता गाव उठवायची ही रीत आहे. ७ ऑक्टोबरच्या आधीच, २०२२ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत, वेस्ट बँकमधल्या २८ मेंढपाळ वस्त्यांतून १,१०५ माणसे अशीच गेली, अशी संयुक्त राष्ट्रांची नोंद आहे.

ऑक्टोबर २०२३: जायचे की राहायचे

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने हल्ला केला. इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि गाझावर युद्ध सुरू झाले. वेस्ट बँकमध्ये रस्ते बंद झाले. वसाहतींच्या रक्षणासाठी राखीव सैनिक बोलावले गेले आणि त्यांत त्याच भागातले वसाहतवाले होते. काल मेंढ्या घेऊन अंगावर येणारा माणूस आज गणवेशात, बंदूक घेऊन दारात उभा. तक्रार कुणाची करायची आणि कुणाकडे?

त्या तीन आठवड्यांत झनूतात पाण्याच्या टाक्या, सौर पॅनेल, गाड्या फोडल्या गेल्या, माणसांना मारहाण झाली, रात्री घरात शिरून धमक्या दिल्या गेल्या. निघून जा, नाहीतर ठार मारू, असे सांगितले गेल्याचे गावकऱ्यांनी सांगितले. महिना संपता संपता गावाने एकत्र निघायचे ठरवले.

हा पहिला निर्णयाचा क्षण. अशा वेळी गावापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात. सगळ्यांनी राहायचे, म्हणजे लेकराबाळांसह रात्र जागून काढायची. बायका-मुले आणि कळप नातेवाइकांकडे पाठवून काही पुरुषांनी मागे थांबायचे, म्हणजे वहिवाट तुटत नाही, पण थांबणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. किंवा सगळ्यांनी जायचे. झनूताने तिसरी वाट घेतली. मी तिला चूक म्हणणार नाही. दूर बसून ते म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

जाताना लोकांनी ट्रकमध्ये संसार भरला. त्यात चारा होता, भांडीकुंडी होती, आणि घरांचे पत्रे-खांबही होते. मेंढपाळ माणूस ते मागे ठेवेल कसे? जिथे जाल तिथे आडोसा लागणारच. पण उतरवलेल्या छपराने पुढे काय केले ते बघा. घर छपरासकट उभे असते तर परतल्यावर 'दुरुस्ती' म्हणता आले असते. छप्पर निघालेल्या भिंतींवर पुन्हा पत्रा घालणे हे 'नवे बांधकाम' ठरते. ट्रक भरताना हे कुणाच्या मनात येणे शक्य नव्हते. पाठीशी असलेल्या वकिलांनी किंवा कार्यकर्त्यांनी मात्र प्रत्येक घराची छपरासकट चित्रफीत, मापे आणि तारीख त्या दिवशीच नोंदवायला हवी होती. हे मी अर्थातच नंतरच्या घडामोडी माहीत असल्यामुळे म्हणतो आहे.

सोबत करणारे कोण होते, काय करू शकत होते

दक्षिण हेब्रॉनच्या टेकड्यांत इस्रायली आणि परदेशी कार्यकर्त्यांचे येणेजाणे जुने आहे. 'ताआयुश' हा ज्यू आणि अरब कार्यकर्त्यांचा गट २००० मध्ये सुरू झाला. नावाचा अर्थच एकत्र जगणे. त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या मसाफर यत्ता या वस्त्यांच्या समूहातून सुमारे ७०० माणसे सैन्याने बाहेर काढली होती, आणि २००० मध्ये न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ती परतली होती. या कामाचा गाभा साधा आहे. मेंढपाळाबरोबर कुरणात जायचे, रात्री गावात झोपायचे, कॅमेरा चालू ठेवायचा, पोलिसांना फोन करायचा, तक्रार नोंदवायला ठाण्यापर्यंत सोबत जायचे. इस्रायली किंवा परदेशी माणूस समोर असला तर हात उचलणारा थोडा विचार करतो, एवढ्यावर हे सारे उभे आहे.

या कामाची मर्यादाही तिथेच आहे. सैन्य 'बंद लष्करी क्षेत्र' असा कागद दाखवते आणि कार्यकर्त्यांना बाहेर काढते. हल्लेखोर राहतात, सोबती जातात. पोलिस तक्रारींचे काय होते याची नोंद 'येश दिन' ही इस्रायली संस्था २००५ पासून ठेवते. वसाहतवाल्यांच्या हिंसेच्या तपासांपैकी सुमारे ९४ टक्के प्रकरणे आरोपपत्राविना बंद झाली आहेत. हे ठाऊक असूनही तक्रार लिहूनच ठेवावी लागते, कारण पुढे न्यायालयात तीच पुरावा म्हणून उभी राहते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हे सगळे एकदम लंगडे पडले. गावे अनेक, हल्ले रोजचे, रस्ते बंद आणि सोबतीला माणसे मूठभर. सोबत्यांपुढचा निर्णय अवघड होता: सगळीकडे थोडे थोडे जायचे, की एक-दोन गावे धरून चोवीस तास बसायचे? त्याच टेकड्यांतल्या अत-तुवानीत २००४ पासून परदेशी स्वयंसेवक कायम मुक्कामाला राहिले, शाळेत जाणाऱ्या मुलांबरोबर रोज चालत गेले, आणि मुलांवरच्या हल्ल्यांचा इतका बोभाटा झाला की शेवटी सैन्यालाच मुलांना सोबत द्यावी लागली. तिथली ताकद रोजच्या मुक्कामाची होती. झनूता महामार्गाकडेला, मसाफर यत्ताच्या जुन्या फेऱ्यांपासून बाजूला. माझे मत असे की, कायम मुक्कामाची सवय जिथे आधीपासून रुजलेली नसते तिथे ती संकटाच्या आठवड्यात रुजवता येत नाही.

रिकामे दहा महिने

गाव रिकामे झाल्यावर वसाहतवाल्यांनी कुंपण घातले. शाळा बुलडोझरने पाडली, दवाखाना गेला, जवळजवळ सगळी घरे मोडली. गावकरी आसपासच्या गावांत आणि नातेवाइकांच्या जमिनींवर विखुरले. कुणाला चराई मिळाली, कुणाला नाही.

या काळात पाठीराख्यांनी दोन दिशांनी काम केले. पहिली दिशा आंतरराष्ट्रीय दबावाची. गावकऱ्यांच्या साक्षी, चित्रफिती, तारखा वर्षानुवर्षे जमवलेल्या होत्याच. १ फेब्रुवारी २०२४ ला अमेरिकेने चार वसाहतवाल्यांवर निर्बंध लादले. त्यांत झनूताशेजारच्या आउटपोस्टचा प्रमुखही होता. पुढे ब्रिटन आणि युरोपीय संघानेही त्याच्यावर निर्बंध लादले. इस्रायली बँकेने त्याचे खाते गोठवले आणि सरकारमध्ये खळबळ माजली. कार्यकर्त्यांना हा मोठा विजय वाटला, आणि वाटायलाच हवा होता. पण कुंपण जिथल्या तिथे राहिले. पुढे २० जानेवारी २०२५ ला नव्या अमेरिकी अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी अमेरिकेचे निर्बंध उठवले. एका सहीने आलेली गोष्ट दुसऱ्या सहीने गेली.

दुसरी दिशा न्यायालयाची. 'हकल' या वकिलांच्या संस्थेने गावकऱ्यांच्या वतीने याचिका केली. गावकऱ्यांनी आपण होऊन गाव सोडले नाही, हिंसेमुळे सोडावे लागले, आणि ती रोखणे हे सैन्याचे व पोलिसांचे कर्तव्य होते, अशी ही बाजू. ती भक्कम होती. सरकारलाही 'त्यांना परतू देणार नाही' असे उघडपणे म्हणणे जड गेले.

इथे दुसरा निर्णयाचा क्षण येतो आणि माझ्या मते या प्रकरणाचा कणा हाच आहे. परतण्याच्या हक्काचा प्रश्न आणि राहण्याच्या सोयीचा प्रश्न न्यायालयाच्या लेखी वेगवेगळे आहेत. पहिला सुरक्षेचा आहे. दुसरा बांधकाम परवान्याचा आहे, आणि तो २००७ पासून अडकलेला आहे. पहिल्या प्रश्नावर गावाची बाजू जिंकण्यासारखी होती. दुसरा त्यात मिसळला तर पुरातत्त्व, आराखडा, परवाने हे सगळे पुन्हा उघडणार आणि पहिलाही अडकणार, अशी धास्ती कुठल्याही वकिलाला वाटेल. निकालाने नेमकी तीच फट उघडी ठेवली. परतायला मुभा, रक्षणाचा आदेश, आणि नवे काही बांधायला मनाई.

म्हणजे पाडणाऱ्याने परवाना न घेता पाडले, आणि राहणाऱ्याला त्याच भिंतींवर ताडपत्री ताणायलाही परवाना हवा.

परतीचे आठवडे

ऑगस्ट २०२४ च्या दुसऱ्या पंधरवड्यात लोक परतले. सुमारे १५० जण आले. जवळजवळ ४० टक्के गावकरी आले नाहीत. जे आले नाहीत त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण त्यांचा हिशेब सरळ होता: आदेश कागदावर आहे, आउटपोस्ट टेकडीवर आहे.

आलेल्यांनी पडक्या भिंतींच्या कडेला अंथरुणे टाकली. तिकडचा ऑगस्ट म्हणजे पावसाचा थेंब नाही, हिरवा चारा नाही, डोक्यावर ऊन. मेंढ्यांना विकतचा चारा आणि वाहून आणलेले पाणी. सावलीसाठी काही उभारावे तर मनाई हुकूम. मुलांना शाळा नाही. वसाहतवाले पुन्हा गावात शिरू लागले, कधी कळप घेऊन, कधी नुसतेच दरारा दाखवायला. सोबतीला इस्रायली कार्यकर्ते होते. फोन केले जात होते, चित्रण होत होते, तक्रारी नोंदत होत्या. न्यायालयाने ज्या रक्षणाचा आदेश दिला होता ते रक्षण जमिनीवर मात्र उतरले नाही.

तिसरा निर्णयाचा क्षण हा. मनाई मोडून छप्पर घालायचे का? घातले तर नागरी प्रशासन येऊन पाडेल, कदाचित सामान जप्त करेल, आणि 'आदेशाचा भंग करणारे' असा शिक्का बसून निकालच धोक्यात येईल. नाही घातले तर उन्हात लहान मुले आणि म्हातारी माणसे किती दिवस काढणार? आणि वाट पाहायची तर कुणाची? न्यायालयात पुन्हा जायला आठवडे लागतात. मूल एका दुपारीसुद्धा आजारी पडते.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गाव पुन्हा सुटले. या खेपेला फार मोठा हल्ला व्हावा लागला नाही. ऊन, मनाई आणि रोजची धास्ती, एवढे पुरले.

काय वेगळे करता आले असते

ज्यांनी या गावासाठी रात्री जागवल्या त्यांच्या चुका काढायला मी बसलेलो नाही. मुख्य दोष हिंसा करणाऱ्यांचा आणि ती चालू देणाऱ्या व्यवस्थेचा आहे, तो वाटून घ्यायचे कारण नाही. तरीही पुढच्या गावासाठी काही गोष्टी नोंदवायला हव्यात.

सगळ्यात आधी छपराची गोष्ट. निकाल कधीही येऊ शकतो हे वकिलांना माहीत असते. त्याच दिवशी दाखल करायचा दुसरा अर्ज तयार असायला हवा: पाडलेले पूर्ववत करण्याची मुभा, निदान तात्पुरत्या सावलीची. शाळा कुणी पाडली, कधी पाडली, हे सगळे नोंदवलेले होते. जी पाडापाडी कुठल्याही हुकुमाची अंमलबजावणी नव्हती तिच्या भरपाईवर बोट ठेवता आले असते. न्यायालयाने ते मान्य केले असते असे मी म्हणत नाही. पण नकार मिळाला असता तर तो परतण्याआधी मिळाला असता, आणि माणसे त्याचा विचार करून परतली असती.

दुसरे, गुहा. खचलेल्या का होईना, जुन्या गुहा हे 'नवे बांधकाम' होत नाही. २००० मध्ये मसाफर यत्तात परतलेल्या लोकांना काही अंशी त्यांच्याच गुहांनी तारले. झनूताच्या गुहा राहण्याजोग्या करता आल्या असत्या का, हे जाणकाराकडून निकालाची वाट पाहत असतानाच तपासून घेता आले असते.

तिसरे म्हणजे हंगाम. परत जायची तारीख न्यायालयाच्या कागदाने ठरवली, मेंढ्यांच्या वर्षाने नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यानंतर टेकड्या हिरव्या होतात. ऑगस्टमध्ये परतणे म्हणजे चाऱ्याचा खर्च सगळ्यात जास्त आणि सावली सगळ्यात कमी. उशीर केला तर 'लोकांनाच यायचे नाही' असा कांगावा झाला असता, हे खरे. मधली वाट अशी की, काही धडधाकट माणसांनी पाळीपाळीने मुक्काम करायचा, वहिवाट राखायची, आणि कळप व मुले पावसानंतर आणायची. त्यासाठी बाहेर राहणाऱ्या कुटुंबांच्या भाड्याची आणि चाऱ्याची सोय लागते. या कामाला मिळणारा पैसा वकील, कॅमेरे आणि अहवालांसाठी तुलनेने सहज मिळतो. पेंडीच्या पोत्यांसाठी मिळत नाही.

चौथे, सोबतीची पाळी. परतीच्या पहिल्या दिवशी कॅमेरे खूप असतात, बाराव्या रात्री दोन-तीन माणसे. आउटपोस्टवाले त्या बाराव्या रात्रीचीच वाट बघत असतात. वेळापत्रक उलटे करता येते: पहिल्या दिवशी वृत्तपत्रवाले येणारच आहेत, तेव्हा सोबत्यांनी आपली माणसे दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवायची.

आणि न आलेल्या त्या शंभराएक माणसांशी कोण बोलत होते? त्यांना काय मिळाले असते तर ती आली असती, हे त्यांनाच विचारायला हवे होते. कुणी सावली म्हणाले असते, कुणी शाळा, आणि कुणी म्हणाले असते की टेकडीवरचा तो आउटपोस्ट आधी हलवा.